घारापुरीची लेणी

मालेगावच्या बाजारात सुक्या बोंबलाचा वास आला, की मला मुंबईहून घारापुरीला गेलेली होडी आठवते. नवं लग्न होतं. खारा वारा सुटला, होडी हलली अन् मी फेट्यातच ओकलो. समुद्र म्हणजे देव, त्यात कसं ओकावं? बेटावर उतरलो तर पाय उचलेनात. बायकोला म्हटलं, "तू जा लेणी पाहाले. दगडं कायले पाहू मी?" ती होडीतल्या बायांसंगं वर गेली.

परतताना म्हणाली, "सांगू काय तुमाले, वर काय होतं?"

"मले सारं मालूम आहे."

गावात लेणी मीच पाहिल्यासारखी रंगवून सांगितली. ती शेजारी बसून मान डोलवायची, मला कधी उघडं पाडलं नाही. आता थकलो, अकड गळाली. पण वर काय होतं, ते सांगणारीच आता राहिली नाही.