मापासाठी काढलेली बाई

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

मी चित्रकला शिकते. सध्या इमारती काढायचं चाललंय. आज सकाळी कोपरगावजवळ साखर कारखान्याच्या कामगारांची जुनी, रिकामी चाळ काढायला गेले होते. इमारत केवढी आहे ते कळावं म्हणून चित्रात एखादं माणूस दाखवायचं, असं सरांनी शिकवलंय. मी आपली मनानेच खिडकीत एक बाई काढली, एका हाताने गज धरलेली.

शेळ्या चारणाऱ्या एक मावशी मागून बघत होत्या. म्हणाल्या, "ही तुला कवा दिसली गं?"

"दिसली नाही मावशी. नुसती मापासाठी काढली."

"अशीच उभी ऱ्हायची ती, गज धरून. मालक पाळीवरून यायची वाट बघत. लई वर्सं झाली तिला जाऊन."

मी तिथल्या तिथे तिला खोडलं आणि मापासाठी रस्त्यावर एक पाठमोरा माणूस काढला.

घरी येऊन कागद उलगडला. तो माणूस त्याच खिडकीकडे निघालाय. हातात जेवणाचा डबा आहे. डबा काढल्याचं मला आठवत नाही.

उद्या चित्र सरांना द्यायचंय. खिडकी रिकामी ठेवू, की तिला परत काढू?