बॉनेटवरचं कुंकू

आइंडहोवनमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे ते गृहस्थ कधी बेल वाजवत नसत. जिन्यातूनच हाक यायची, "वहिनी, या, या लवकर! चाकं बसली!" आणि मी पोळी तव्यावरून उतरवून धावत सुटायचे.

त्यांच्याकडे वाहन म्हणजे एक जुनी सायकल. पण टेबलावर प्लॅस्टिकचे सुटे भाग चिकटवून वीतभर लांबीची अमेरिकन पिकअप उभी राहत होती. "हौद्याबाहेर फुगलेले मडगार्ड बघा, बघा! जुन्या सगळ्या अशाच. सपाट बाजू पन्नासच्या दशकात आल्या!" दर वेळी तेच सांगायचे, पण आत्ताच शोध लागल्यासारखं.

रंगावर ठसा उमटू नये म्हणून ते हातमोजे घालून काम करत. दसऱ्याला मात्र त्यांनी हातमोजे काढले आणि बॉनेटवर हळदकुंकवाचं बोट ओढलं. पांढरा रंग पुरता वाळलाच नव्हता! कुंकू त्यात रुतून बसलं, आणि मॉडेलवाल्यांचं प्रदर्शन तर दुसऱ्याच दिवशी.

"अहो, पुसा!" मी ओरडले.

"राहू दे, राहू दे!"

प्रदर्शनात आजूबाजूच्या गाड्यांवर, त्या खऱ्या वाटाव्यात म्हणून, मुद्दाम गंज रंगवलेला होता. एक म्हातारे डच परीक्षक भिंग घेऊन आमच्या बॉनेटवर वाकले आणि खूश होऊन इंग्रजीत म्हणाले, "काय सुरेख गंज साधलाय!"

बक्षीस हातात येत होतं.

"गंज? छे, छे!" आमचे शेजारी जवळजवळ ओरडलेच. "गाडी नवी आहे, नवी! कालच पूजा केलीय!"