फुकट्या जंतू

लहान म्हणजे सोपं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? प्रयोगशाळेतल्या ताईंचीही तीच चूक झाली. झाडांना रोग लावणाऱ्या जिवाणूंतला इवल्याशा जीनोमचा, म्हणजे मोजक्याच जनुकांचा, एक त्यांनी निवडला आणि काचेच्या ताटलीत वाढवून दाखवते, असं साहेबांना छातीठोक सांगून बसल्या. ताटल्या कोऱ्याच्या कोऱ्या!

"ताई, निदान बुरशी तरी वाढवून दाखवा," सहकारी खिदळला.

"तुझ्या डोक्यावरच वाढवते, थांब!"

मोठ्या जीनोमवाले स्वतःचं रांधून खातात. या फुकट्याने झाडाच्या जिवावर जगताना रांधायची जनुकंच टाकून दिली. त्याला जिवंत झाडच लागतं. साहेब मात्र काम बंद करायला निघालेत. तुमच्या सदाफुलीला हिरवी फुलं आली, तर ती या फुकट्याचीच करणी असेल. उपटून फेकू नका, कुंडीसकट ताईंना आणून द्या.