भोंगेकाकांच्या घरची टोपी

"यंत्राला टोपी घालाल, आगीला कशी घालणार?" असं भोंगेकाका एकदा म्हणाले होते, आणि त्यांच्या खऱ्या नावापेक्षा हे वाक्यच इमारतीत जास्त लोकांना पाठ होतं.

टोपी म्हणजे खरोखरची टोपी. दूध उतू गेलं, तवा धुरकटला, नाहीतर कोणी कढत पाण्याने अंघोळ करून दार उघडलं, की घरातल्या छताला लावलेला धुराचा सेन्सर लगेच इमारतीच्या भोंग्यातून बोंब मारायचा. सगळी इमारत जिने उतरून अंगणात. कोणाच्या गालावर दाढीचा फेस, कोणाचे ओले केस टॉवेलात. शेवटी वैतागून बऱ्याच घरांनी सेन्सरवर अंघोळीच्या प्लास्टिकच्या टोप्या चढवल्या आणि हात झटकले.

काका कारखान्यातून निवृत्त झालेले वायरमन. तळमजल्यावर एकटेच राहत, आणि भोंग्याची देखभाल त्यांच्याकडे. खोटा भोंगा त्यांना मनातून आवडायचा. "कोणाचं करपलं?" म्हणत, एकमेकांना टोमणे मारत माणसं जमत. त्या गर्दीत उभं राहिलं की आपणही कोणाच्या तरी घरचे आहोत असं त्यांना वाटे. बायको गेल्यापासून तेवढीच काय ती सोबत.

पुढे माणसं उतरेनाशी झाली. टोपी नसलेल्या एखाद्या घरातून भोंगा ओरडे, दारं बंदच. अंगणात काका एकटे, मान वर करून खिडक्यांकडे बघत. उद्या खरंच पेटलं तर हे असेच बसून राहतील, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात सोसायटीच्या अध्यक्षबाईंनी बजावलं, "काका, हा खोटा आरडाओरडा थांबवा. मी स्वतः घरोघर फिरून बघणार. एकही टोपी दिसली तर यंत्र हवं कशाला, सगळ्या तारा उपटून टाकू. निदान कानांना तरी आराम."

काका कामाला लागले. न्हाणीघराच्या दाराजवळचे सेन्सर त्यांनी लांब हलवले. शेगडीजवळ धुराऐवजी उष्णता ओळखणारे बसवले. आतली धूळ मऊ ब्रशने झाडली. घराघरातून टोप्या उतरल्या. भोंगा गप्प झाला. अंगणही गप्प झालं. जिन्यात कोणी भेटलं तर म्हणे, "काका, झोपवलंत की त्याला." काका मान हलवत आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसत.

ठरल्याप्रमाणे बाई फिरल्या. शेवटी काकांकडे आल्या. "तुमच्याकडे काय बघायचं म्हणा. पण नियम तो नियम." त्यांनी स्वयंपाकघरात मान वर केली आणि तशीच ठेवली. सेन्सरवर टोपी होती. विटकी गुलाबी, फुलाफुलांची.

"काका, ही काय टोपी घातलीत आम्हाला?"

काका टोपीकडे बघत राहिले. ते गाजलेलं वाक्य मुळात त्यांनी बायकोला ऐकवलं होतं, ती स्टुलावर उभी राहून हीच टोपी चढवत असताना. तिचं दूध रोज उतू जायचं. ती वरूनच म्हणाली होती, "का हो, लग्नाच्या वेळी मला घातलीत, तेव्हा बरं जमलं." ती गेल्यावर या घरात चहापलीकडे काही शिजलं नाही. टोपीला हात लावायचं कारणच पडलं नाही, आणि त्यांनी ते शोधलंही नाही.

टोपी कोणाची ते ओळखून बाईंचा आवाज उतरला. "राहू द्या. मी काही पाहिलं नाही असं समजा."

काकांना क्षणभर ते पटलंही. मग वरच्या मजल्यांवरची स्वयंपाकघरं त्यांच्या डोळ्यांसमोर आली. एक टोपी राहिली तर बाकीच्या परत चढायला कितीसा वेळ? ते स्टुलावर चढले. रबर वाळून कडक झालं होतं, ओढताना तुटलं. सेन्सर चालतो का हे बघायला त्यांनी त्याच्या पोटातलं बटण दाबलं.

भोंगा कडाडला. वर धडाधड दारं उघडली. आता तो उगाच वाजत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. जिन्यावर पावलांची रीघ लागली आणि बघता बघता अंगण माणसांनी भरलं.

काका दारात आले.

"काका, कोणाचं करपलं?" कोणीतरी विचारलं. दोघं-तिघं हसले. हवी होती तेवढी माणसं जमली होती, पण जिचं दूध रोज उतू जायचं ती त्यांत नव्हती.

टोपी मुठीत घट्ट धरून ते त्या गर्दीतून सरळ चालत गेले, आणि फाटकाबाहेर पडले.