दांड्याची काळी कढई

माझ्याकडे एक कढई आहे आणि मला तिचा अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो. वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत मला चहासुद्धा धड येत नव्हता. मग बायकोची बदली लोणारकडच्या एका शाळेत झाली. ती आठवडाभर तिकडेच खोली करून राहू लागली आणि मी चिखलीत कचेरी ते खानावळ अशा फेऱ्या मारू लागलो. खानावळीच्या आलूच्या रश्शाने महिनाभरात जीव उबगला, तेव्हा नाइलाजाने घरचा गॅस पेटवला.

सुरुवातीला जे शिजलं त्याबद्दल न बोललेलंच बरं. एके संध्याकाळी बसस्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीसमोर उभा राहिलो आणि त्या माणसाचा हातच बघत राहिलो. पातळ, खोलगट लोखंडी कढई, तिला एकच लांब दांडा. मनगटाच्या एका झटक्यात तो सगळी कोबी वर उडवून परत झेलत होता. त्याला विचारून तशीच कढई मी घरी आणली. साबण आणि तारेची घासणी तिच्या जवळ येऊ द्यायची नाही, धुतली की आचेवर कोरडी करायची आणि तेलाचं बोट फिरवायचं, असं त्याने बजावलं होतं. कचेरीतला कुठलाच नियम मी इतक्या निष्ठेने पाळलेला नाही.

दोन वर्षांत कढई काळी कुळकुळीत झाली. तिच्यात भेंडी चिकटेना. बेसन, म्हणजे आमच्याकडचा घट्ट झुणका, खाली न लागता अख्खंच्या अख्खं सुटून येऊ लागलं. शनिवारी संध्याकाळी बायको लोणारच्या बसने यायची तेव्हा ताटं तयार असायची. ती दोन घास खाऊन नुसती मान हलवायची. ती मास्तरीण, कौतुकात हात आखडताच. पण मला तेवढं पुरायचं.

राहिल्या होत्या सासूबाई. त्या जळगाव जामोदकडच्या खेड्यात राहतात. जावयाने रांधायचं आणि सासूने खायचं, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं. एका शुक्रवारी त्या आल्या आणि रात्री शिदोरी सोडून स्वतःचीच भाकरी जेवल्या. मी पानात वाढलेल्या भेंडीला त्यांनी बोटही लावलं नाही. मला ते लागलं. शनिवारी बायको यायच्या आत यांना आपल्या हातचं बेसन खाऊ घालायचंच, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

सकाळी मिरच्या आणि कोथिंबीर घेऊन बाजारातून आलो, तर कढई ओट्यावर पालथी पडलेली आणि चांदीसारखी लखलखीत. सासूबाईंनी अंगणातला विटेचा तुकडा आणि तारेची घासणी घेऊन तासभर ती घासली होती. बोटं लाल झाली होती. डोक्यावरचा पदर सावरत त्या म्हणाल्या, की पोरीला वेळ भेटत नाही, भांडं लय काळं पडलं होतं. जावई रांधतो हे त्यांना ठाऊक होतं, पण भांडीही जावईच घासतो हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. आपल्या लेकीचा आळस जावयाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्यांनी तो घासून काढला होता.

माझ्या दोन वर्षांच्या कमाईवर पाणी पडलं होतं. असा संताप आला की काय सांगू. पण सासूला बोलायची आमच्याकडे कोणाची छाती आहे? अंगणात जाऊन उगाच चपला सरळ करत बसलो.

मग इरेला पेटून त्याच कढईत बेसन टाकलं. ते असं बुडाशी लागलं की उलथनं वाकायची वेळ आली. करपल्याचा वास गेला तशा सासूबाई दाराशी आल्या आणि काऊन लागलं म्हणून विचारू लागल्या. आता सांगणं भागच होतं. कढई माझी, घासतो मी, आणि तो काळा थर मीच रोज जपून चढवला होता, हे मी खाली बघत सांगितलं.

त्यांनी करपलेल्या कढईत वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग मले कालच काऊन नाही सांगतलं, जवाईबापू?"

त्यांनी कांदा मागितला, अर्धा चिरला, तेलात बुडवला आणि मला आच मोठी करायला लावली. घरचा नवा तवा चिकटू नये म्हणून त्या असाच तयार करतात म्हणे. कढई तापवायची, कांदा फिरवायचा, निवू द्यायची, पुन्हा तापवायची. माझ्यासमोर कधी खुर्चीवरही न बसलेल्या त्या बाई ओट्याशी माझ्या शेजारी उभ्या राहून घाम पुसत होत्या. चौथ्या खेपेला लोखंडावर तपकिरी रंग धरला.

मी पुन्हा बेसन केलं. थोडं खाली लागलंच. सासूबाईंनी आपल्या हाताने ती खरवड काढून भाकरीवर घेतली आणि माझ्यासमोर बसून खाल्ली. मीठ बरोबर आहे, एवढंच बोलल्या. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं, यात खोटं नाही.

कढई पुन्हा पूर्वीसारखी व्हायला वर्ष गेलं. परवा बायकोच्या माहेरची मंडळी आली होती. जेवणं झाल्यावर तिच्या वहिनीने कढई उचलली, नाक मुरडलं आणि तारेची घासणी शोधू लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासूबाई सुनेला म्हणाल्या, "ठेव वं ते भांडं खाली. मळ नाही तो, जवाईबापूची मेहनत हाये."