इवाईबुवांच्या मागच्या सीटवर

माझ्या मुलीच्या सासऱ्यांइतका समोरच्याचा मान राखणारा, आणि मान राखता राखता त्याचा जीव टांगणीला लावणारा, दुसरा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायचा नाही. सापडलाच तर कृपा करून मला कळवू नका. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात, आणि हे नातं खरं तर लांबून हात जोडण्याचं. वर्षातून दोनदा भेटावं, पीकपाणी विचारावं, टॉवेल-टोपी घ्यावी आणि दुपारच्या एसटीनं आपल्या गावी परतावं. त्यातून मी मुलीचा बाप, म्हणजे खुर्चीच्या कडेवर बसायची मनाची तयारी करूनच मांडवात उभा होतो. इवाईभेटीची वेळ आली. बँडवाले थांबले, दोन्हीकडची मंडळी गोल करून उभी राहिली, आणि मी रीतीप्रमाणे पांढरी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. आता त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवायची. त्यांनी पिशवीत हात घातला, कोरं करकरीत काळं हेल्मेट बाहेर काढलं, त्याच्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली, ते माझ्या डोक्यात घातलं आणि पट्टा हनुवटीखाली असा आवळला की कोणी माझं स्वतःचं नाव विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. मग साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "पोरगी देणारा मोठा. इवायाचा शब्द मी जलमात मोडणार नाई. अन् आता आम्ही दोघं फिराले जाऊ." पहिलं वाक्य मी मांडवातलं बोलणं म्हणून सोडून दिलं आणि दुसरं थट्टा म्हणून. दोन्हीकडे माझं चुकलं. लग्नाच्या अल्बममध्ये ते पान आलं की माझी बायको अजून दोन पानं एकदम उलटते.

इवाईबुवांचं घर उमरखेडला आणि शेत ढाणकीच्या रस्त्यावर. कपाशी, सोयाबीन, तूर सगळं आहे, पण ते सगळं मुलगा पाहतो, म्हणजे आमचा जावई. इवाईबुवा साठी ओलांडून बसलेले. बसलेले म्हणजे मोटरसायकलवर. काळी, जुनी, पोटातून खर्जात बोलणारी गाडी. ती निघाली की गल्लीतल्या बाया अंगणातली पोरं आत घेतात, पण इवाईबुवा गाडी जोरात चालवतात म्हणून नव्हे. त्यांचं लक्ष रस्त्यावर असेल याची कोणी खात्री देत नाही म्हणून. या माणसाला कुठं जायचं याच्याशी कर्तव्य नाही. कुठून जायचं, एवढाच त्यांचा विचार. उमरखेडहून यवतमाळला यायला आता छान चौपदरी रस्ता झाला आहे, सारं जग त्यावरून भुर्रकन येतं. इवाईबुवा पुसद, दिग्रस, दारव्हा असा उलटा फेरा घेऊन येतात. का, विचारलं तर म्हणतात, "त्या रोडनं माणूस पोहचते वो. जात नाई." एकदा ते माझ्याकडे यवतमाळला मुक्कामी होते, तेव्हा मी सहज म्हणालो की सकाळी कळंबला चिंतामणीचं दर्शन घेऊन जेवायला घरी येऊ. अर्ध्या तासाचा रस्ता. आम्ही जोडमोहाच्या जंगलाकडून निघालो, मग कुठल्याशा तलावाकडून, मग एका टेकडीला पूर्ण वळसा घालून, कारण तिची दुसरी बाजू मी पाहिलेली नव्हती. कळंबला पोहोचलो तेव्हा संध्याकाळची आरती सुरू होती आणि घरी माझ्या बायकोनं जेवण झाकून ठेवणं सोडून दिलं होतं. मी कुरकुरलो तर ते शांतपणे म्हणाले, "गणपती कुठं जाते? तिथंच आहे तो. हे ऊन मात्र गेलं तं गेलं."

त्यांच्या मागं बसायचं म्हणजे नुसतं बसून भागत नाही, पाहावं लागतं. पाहून भागत नाही, वाखाणावं लागतं. काही चांगलं दिसलं की गाडीचा वेग कमी होतो, डावा हात हँडल सोडून त्या दिशेला जातो आणि "पाहा" असा हुकूम येतो. मग ते माझ्या बोलण्याची वाट पाहतात. इथं मी नुसतं "वा" म्हणालो तर ते पुढच्या मोकळ्या जागेत गाडी वळवतात, परत मागं नेतात आणि तीच जागा दुसऱ्यांदा दाखवतात. "नीट नाई पाह्यलं तुम्ही," ते न चिडता म्हणतात. दिग्रसच्या अलीकडे एक वडाचं झाड आहे. पहिल्या खेपेला माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती. त्या झाडासमोरून आम्ही इतक्यांदा आलो-गेलो की खाली बसलेला शेळ्यांवाला शेवटी उठून विचारायला आला, काही हरवलं का. या जाचापायी त्यांच्या घरचं माणूस मागं बसत नाही. विहीणबाई लग्नानंतर एकदाच बसल्या आणि माहेर येईपर्यंत सूर्य मावळला, तेव्हापासून त्या एसटीनं जातात. राहिलो मी. मला "नाही" म्हणता येत नाही, कारण ते नेतात तो माझा मान असतो. मानासमोर माणसानं काय बोलावं? तेव्हा आमच्यात आपसूकच कामाची वाटणी झाली. त्यांनी डोंगर पाहायचा, मी ट्रक पाहायचा. ट्रक आला की मी त्यांचा खांदा दाबतो, डावीकडे घ्यायचं असेल तर डावा, उजवीकडे घ्यायचं असेल तर उजवा. एका अर्थी गाडी मीच चालवतो. हँडल तेवढं त्यांच्या हातात असतं.

आता त्या मांडवातल्या शब्दाबद्दल सांगतो. मुलीच्या पहिल्या सणाला मी उमरखेडला गेलो आणि चहा घेताना म्हणालो, साखर जराशी जास्त झाली आहे. आपण बोलून जातो असं. दीड-दोन महिन्यांनी मुलीचा फोन आला, आवाज रडवेला. "बाबा, तुम्ही मामाजींना काय बोलून गेले? इथं सर्वांचा चहा बिनसाखरेचा झाला न." मी फोनवर इवाईबुवांच्या विनवण्या करून साखर परत आणवली. पुढच्या वर्षी त्यांच्या ओसरीवर बसून मी म्हणालो, उन्हाळ्यात निळा रंग डोळ्यांना बरा वाटतो. मी आकाशाबद्दल बोलत होतो. दिवाळीला गेलो तर अख्खं घर निळं, फाटक निळं, गोठाही निळा, आणि इवाईबुवा हात जोडून उभे, "पाहा, जमलं का?" तेव्हापासून मी उमरखेडात फार जपून बोलतो. हवेबद्दलसुद्धा मत देत नाही. मुलीचं सासर म्हटलं की बापाच्या पोटात एक गोळा असतो. तो माझा कधीच विरघळला, त्याच्या जागी ही नवीनच भीती येऊन बसली, की आपल्या तोंडून काही निघेल आणि तो माणूस ते करून टाकेल.

यंदा संक्रांतीनंतर ते पडले. एकटेच होते. ढाणकीच्या रस्त्याला तुरीच्या शेतावर पोपटांचा थवा उतरला, इवाईबुवांनी सवयीनं मागच्या सीटला "पाहा" म्हटलं, मागं कोणी नव्हतं, आणि गाडी नालीत गेली. गळ्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण घरातलं वातावरण काही जुळेना. जावई म्हणाला गाडी विकतो, इवाईबुवा म्हणाले मग मीही जेवत नाही. शेवटी मुलीनं आणि जावयानं मला फोन लावला. "ते दुसऱ्या कोणाचंच ऐकत नाहीत," जावई म्हणाला. "तुम्ही एकदा फक्त म्हणा, आता गाडी बंद. ते मोडणार नाहीत." मलाही पटलं. पटण्यासारखंच होतं. या वयात पुन्हा पडले तर उठतील की नाही कोण सांगणार? मी एसटीत बसलो आणि उमरखेड येईपर्यंत खिडकीशी तोंड करून एकच वाक्य घोकत राहिलो, "इवाईबुवा, आता पुरे."

ते अंगणात गाडी पुसत बसले होते. मला पाहिल्याबरोबर उभे राहिले, पाणी झालं, चहा झाला, आणि पाहुण्याला फिरवून आणायचा मान पुढं केल्यावर जावयाला माझ्यासमोर काही बोलता येईना. त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. आम्ही पुसदच्या रस्त्याला लागलो. फाल्गुन लागला होता, पळस असा फुलला होता की घाटात पान म्हणून दिसत नव्हतं, नुसता केशरी रंग. मी मागं बसून वाक्य घोकतच होतो. एका वळणावर, जिथून खालचा सगळा उतार दिसतो, त्यांनी गाडी थांबवली. मी उतरलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "इवाईबुवा, एक शब्द टाकायचा आहे."

त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं. "माहीत आहे मले," ते म्हणाले. "पोरानं पाठवलं तुम्हाले. बोला. तुम्ही म्हणान तं हे चाबी आत्ता देतो." आणि खरंच किल्ली काढून तळहातावर ठेवून त्यांनी हात माझ्यापुढं केला. मी ती घ्यायची सोडून भलतंच विचारून बसलो, "मग दिवसभर काय करणार?"

"करीन काय? खाटीवर बसीन. आजकाल टीव्हीतही डोंगर दाखवते म्हणे."

हे ते रडवं तोंड करून बोलले असते तर मी घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं असतं. ते अगदी साधेपणानं बोलले, खरोखरच मनाशी तयारी केल्यासारखे. एवढा मोठा माणूस, एवढी त्याची हौस, आणि ती सगळी माझ्या एका वाक्यावर. मी जन्मभर कचेरीत दुसऱ्याच्या सहीसाठी कागद पुढं सरकवलेला माणूस, मला असली सत्ता कोणी दिली? मी म्हणालो, "इवाईबुवा, माझा शब्द एवढाच. मी मागं बसलेला नसलो, तर गाडी काढायची नाही."

त्यांनी किल्लीवर मूठ मिटली. "अन् तुम्ही असले तं?"

"असलो तर काढायची."

"पुसदपर्यंत?"

"पुसदपर्यंत."

"सहस्रकुंडाच्या धबधब्याले?"

"तिकडंही."

"अन् त्या चौपदरीनं?"

"त्या रस्त्यानं काय करायचं आहे?" मी म्हणालो. इवाईबुवा इतके हसले की त्यांना ते दुखरं हाड धरावं लागलं.

घरी मुलीनं कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्हाला त्यांना थांबवायला बोलावलं होतं. तुम्ही स्वतःलाच बांधून घेऊन आले." जावई दोन दिवस माझ्याशी नुसतं "हो" आणि "नाही"मध्ये बोलला. पण शब्द म्हणजे शब्द. माझ्याशिवाय ती गाडी पुन्हा रस्त्यावर धावली नाही. मध्ये एकदा पेट्रोल संपलं, तर इवाईबुवा तिला हातानं ढकलत पंपावर घेऊन गेले, भरून घेतलं, आणि भरल्या टाकीनिशी तशीच ढकलत परत आणली. पंपावरची माणसं म्हणे बाहेर येऊन पाहत होती. मला मात्र ते कधी "या" म्हणत नाहीत. मोठ्या माणसाला तगादा लावायचा नसतो. फोन करतात आणि एवढंच सांगतात, "इवाईबुवा, मोह गळून राह्यला," किंवा "सागाले फुलोरा आला घाटात. बाकी ठीक." मी फोन ठेवतो आणि पिशवी भरायला घेतो. बायको म्हणते, तुम्हाले झोपाळ्यावर भोवळ येते अन् तुम्ही या वयात घाट पाहाले चालले. तिचं खरं आहे. पण मला आता मोहाखालची सकाळ कशी असते ते माहीत झालं आहे, आणि सागाचा फुलोरा ऑगस्टात अख्ख्या उताराला कसा पांढुरका करून टाकतो तेही. साठ वर्षं मी याच जिल्ह्यात राहिलो आणि रस्त्याच्या कडेचं सगळं बाकीच राहिलं होतं.

तोच फुलोरा पाहायला मागच्या खेपेला गेलो होतो. थोडं वर चढलो तर मला दम लागला. दगडावर टेकलो आणि एकदम मनात आलं, आपण काही जन्माला पुरणारे नाही. आपण आधी गेलो तर हा माणूस गाडीला हात लावणार नाही. म्हणून मी म्हणालो, "इवाईबुवा, उद्या मी नसलो तर तो शब्द संपला असं समजा. खुशाल गाडी काढा."

ते गळ्यातल्या दुपट्ट्यानं टाकी पुसत होते. पुसतच राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "शब्द तं संपन. पण मंग दाखवू कोणाले?"

त्या दिवशी घरी आल्यापासून मी रक्तदाबाची गोळी चुकवत नाही, जेवणात मीठ कमी केलं आहे आणि रोज सकाळी आर्णी रोडनं चालून येतो. बायको विचारते, इतकी काळजी कायले? तिला काय सांगू? उमरखेडला एका माणसाची मोटरसायकल माझ्या तब्येतीवर चालते.