धुरपताबाईची भांडी

टेकचंद भांड्यांवर नावं घालायचा. भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या एकाच कारखान्यात आम्ही दोघं होतो. मी गुंड ठोकायचो. गुंड म्हणजे पाणी भरायचा हंडा. तयार गुंडाच्या काठाखाली तो बारीक छिन्नीने गिऱ्हाइकाचं नाव कोरायचा. ठोका जास्त पडला तर पत्रा फाटतो, कमी पडला तर अक्षर घासण्यात जातं. टेकचंदचं अक्षर गेलं अशी तक्रार घेऊन कोणी आलेलं मला आठवत नाही. पुढे नावं मशीन घालायला लागली, आणि आमचंही वय झालं. दोघंही घरी बसलो.

पूर्वी गावात लग्न निघालं की पंगतीसाठी घराघरातून भांडी यायची. कार्य उरकलं की नावं वाचून ज्याची त्याला परत जायची. टेकचंदची बायको धुरपता सिहोऱ्याची. माहेरच्या घरात वाचता येणारी ती एकटी, म्हणून हे काम तिच्याकडे असायचं. दुसऱ्याचं भांडं चुकून घरी राहिलं तर ते पोचवल्याशिवाय ती ताटावर बसत नसे. लग्न होऊन इकडे आल्यावरही हेच.

उतारवयात तिचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीतलं मीठ, मग रस्ते, मग माणसं. नागपूरच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो पाहून सांगितलं की हे कमी होणार नाही, वाढत जाईल. मुलगा योगेंद्र पुण्यात नोकरीला. त्याला सुट्टी मिळत नव्हती. त्याने घरात कॅमेरा बसवून दिला आणि जेवणाच्या वेळेत त्यातून बोलायचा, "आई, मी योगेंद्र." धुरपता आवाज ऐकून भिंतीपासून मागे सरकायची. शेवटी टेकचंदने कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला.

आमच्या भागातल्या देवळात भय्याजी दर गुरुवारी वेदान्त सांगतात. ते निवृत्त शिक्षक आहेत. टेकचंद धुरपताला शेजारी बसवून तिथे जाऊ लागला. डॉक्टरांकडचे उपाय संपले होते, म्हणून गेला. भय्याजी म्हणाले, आजच्या माणसाचं दुःख नावाला चिकटलेलं आहे. मी अमक्या पदावरचा, मी अमक्याचा बाप, माझा फोटो इतक्या जणांनी पाहिला. ते गेलं की माणूस मोडतो. पण नाव आणि रूप वरवरचं. भांडं भट्टीत टाकलं की नाव जातं, घाट जातो, पितळ राहतं.

टेकचंद उभा राहिला.

"बोलाले सोपं आहे जी. माही बायको सकाळी मले पुसते, तुमी कोणाकडे आले म्हणून. काय सांगू तिले? पितळ आहो म्हणू?"

लोक हसले. भय्याजी हसले नाहीत. "मले माहीत नाही, टेकचंदजी," एवढंच म्हणाले.

घरी येऊन तो हट्टाला पेटला. माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली, छिन्न्यांना धार लावली आणि घरातलं एकेक पितळी भांडं पुढ्यात घेतलं. सगळ्यांवर एकच नाव. सौ. धुरपताबाई टेकचंद. मनगट गुडघ्याला टेकवून तो ठोकायचा. इतकं खोल त्याने उभ्या जन्मात घातलं नव्हतं.

"पत्रा जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. तिले दिसलं पाहिजे."

तिला दिसलं. वाचणं तिचं शाबूत होतं. गुंडावर बोट फिरवत तिने अक्षर न अक्षर वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हे तं दुसऱ्याचं होय."

"दुसऱ्याचं नाही वं. तुह्यंच नाव आहे ते."

लबाड दुकानदाराकडे पाहावं तसं तिने त्याच्याकडे पाहिलं. मग ताट वाचलं, गडवा वाचला, परात वाचली. सगळं घर एका परक्या बाईच्या वस्तूंनी भरलेलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो भाताचं पाणी काढत होता तेवढ्यात ती गुंड कमरेवर घेऊन निघून गेली. आम्ही गल्ल्या पाहिल्या, बाजार पाहिला. टेकचंद वैनगंगेच्या पुलापर्यंत धावत गेला आणि कठड्यावरून खाली पाहत राहिला. मी हाताला धरून त्याला मागे ओढला. ती एसटी स्टँडवर सापडली. तुमसरच्या गाडीला उभी होती, सिहोऱ्याला जायचं ते तिकडूनच. उन्हाळा, पाय अनवाणी, कमरेवर तो जड गुंड. तिथे चणे विकणाऱ्या शकुनबाईने तिला सावलीत ओढायचा प्रयत्न केला होता, पण रांग सोडायला ती तयार नव्हती.

"काहून आली इकडे?" टेकचंदने विचारलं.

"सिहोऱ्याले जाऊन राहिली. एका बाईचं भांडं आमच्या घरी राहून गेलं. वाट पाहत असंन बिचारी."

"कोण बाई?"

"धुरपताबाई." मग आवाज खाली करून म्हणाली, "लोक मले चोर म्हणतीन जी."

"घेऊन जा भाऊजी," शकुनबाई म्हणाली. "मघापासून कंडक्टरले पुसून राहिली, गुंडाची अर्धी तिकीट लागते का पुरी."

मग हे रोजचं झालं. दार लावलं तर ती आतून दारावर थापा मारायची आणि रडायची. चोरीचा माल घरात आहे, पोलीस येतील. खाणं तुटत गेलं, पाय सुजले. टेकचंद कानस घेऊन बसला, घातलेली नावं घासून काढायला. पण खोल अक्षर कानशीला दाद देत नाही. त्याने जोर लावला तेव्हा गुंडाचा पत्रा अक्षराच्या तळाशी उघडला, आणि भरल्यावर तिथून पाणी झिरपायला लागलं. इतक्या वर्षांत त्याच्या हातून भांडं गेलं नव्हतं. कानस खाली ठेवून तो रडला. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

भय्याजी एकदा घरी आले. धुरपता पदराने गुंड पुसत होती, बाहेर नेण्यासाठी.

"पाहा," टेकचंद म्हणाला. "तिचं नाव गेलं. तिच्यापुरता मी बी गेलो. वेदान्त काय म्हणते आता?"

भय्याजी तिच्याकडे पाहून म्हणाले, "तिले काही शिकवायचं नाही राहिलं, टेकचंदजी. तिचं सुटलं. तुमचं सुटून नाही राहिलं. मी हिचा नवरा, हिनं मले ओळखावं, हे धरून बसले."

"कसं सोडू? संसार केला तिच्यासंगं."

"ते मले सांगता नाही येत. मी तरी कुठं काय सोडलं?"

टेकचंदने त्यांना चहा विचारला नाही. ते गेल्यावर म्हणाला, "सोडा म्हणे. विडी आहे का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथेच होतो. धुरपताने गुंड उचलला. सुजल्या पायांनी तो उचलणं सोपं नाही. तिने दोनदा खाली ठेवून पुन्हा उचलला. टेकचंद तिला अडवायला उठला आणि मध्येच थांबला. मग मागच्या दाराने बाहेर पडला, घराला वळसा घालून पुढच्या ओट्यापाशी येऊन उभा राहिला. ती दारातून बाहेर आली तर समोर तो.

"धुरपताबाईचं घर कोणतं जी?"

कारखान्यात त्याने जड कामं केली आहेत, पण तो एक शब्द काढायला त्याला जेवढा जोर लागला तेवढा मी कधी पाहिला नाही.

"हेच."

"बाई आहे घरी?"

"आहे. घरातच आहे."

"तिचं भांडं आमच्याकडे राहून गेलं होतं. पाहून घ्या. पोचा नाही पडू दिला."

त्याने गुंड घेतला. तपासायचा तसा तपासला, फिरवून, काठ पाहून, बुडावर बोटं वाजवून. कानशीचे ओरखडे होते, नावाच्या तळाशी चीर होती.

"नाही पडला," तो म्हणाला.

तिचा चेहरा सैल झाला. ती पायरीवर टेकली आणि पाणी मागितलं. त्याने नाव नसलेल्या स्टीलच्या पेल्यातून दिलं. ती सगळं प्यायली. मग त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "तुमी कोण जी तिचे?"

टेकचंदने गुंड छातीशी धरला होता.

"मी भांडे घेतो," तो म्हणाला.

तिने मान डोलावली. त्या दिवशी ती भात जेवली. तो गुंड आत घेऊन गेला आणि मोरीजवळ, तिच्या नजरेला पडेल असा, नाव पुढे करून ठेवला. दुसऱ्या दिवशी तिला तो पुन्हा परत करायचा होता.